मुरमाची तात्पुरती खाण काढताय? या चुका टाळा

गोव्यात रस्त्याच्या कामासाठी वर्षा-दोन वर्षांपुरती मुरमाची खाण काढायची ठरली की पहिला प्रश्न असतो, माल किती निघेल. माल गेल्यावर खड्ड्यात काय घालणार, हे त्याच दिवशी ठरवा.

हिशेब करून बघा. 1 हेक्टर जागा 5 मीटर खणली की 50,000 घनमीटरचा खड्डा. वरची माती आणि टाकाऊ थर मीटरभर धरला तर परत घालायला उरतात 10,000. बाकीच्या भरावाला 10 घनमीटरच्या टिपराच्या किमान 4,000 फेऱ्या लागतील. तेवढ्यासाठी दुसरा डोंगर कापणार? डोंगरकापणीला गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली वेगळी परवानगी लागते. तेव्हा ‘खड्डा पूर्ण बुजवून देऊ’ असं भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा कोमुनिदादीला (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेला) लिहून देऊ नका. खोली कमी ठेवा, कडा 1:3 उताराने (1 मीटर उंचीला 3 मीटर आडवं) उतरवा आणि जमीन खालच्याच पातळीवर काजूला लायक करून द्या.

जागा 5 हेक्टरांहून लहान, म्हणून पर्यावरण मंजुरी नको, असं अजून काहीजण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 27 फेब्रुवारी 2012 च्या आदेशानंतर तो समज सोडायला हवा होता.

सगळ्यात महाग पडते ती वरच्या मातीची चूक. आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, ती कित्येक ठिकाणी वीतभरही नसते, आणि जेसीबी ती मुरमासकट उचलतो. अशी एक खाण मी पाहिली आहे; दोन पावसाळे गेले तरी तिथे धड गवत धरलं नव्हतं. ती माती आधी खरवडून वेगळी ठेवा. ढीग 2 मीटरच्या आत, वर ताग पेरलेला, आणि त्यावर एकही चाक चढता कामा नये.

पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो आणि चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर पडतो. चर आणि गाळ बसायचा खड्डा एप्रिलमध्येच तयार हवा. जांभ्याखालची मऊ चिकणमाती उघडी पडली असेल तर कडा ढासळतात आणि लाल पाणी व्हाळातून (ओढ्यातून) खालच्या शेतात उतरतं. वरच्या बाजूचं पाणी खाणीत शिरूच नये असा चर काढा. कुंपण तर पहिल्या दिवसापासून हवं; पाणी भरलेल्या सोडलेल्या खाणींत मुलं बुडाली आहेत.

टँकर फिरतो तरी धूळ का उडते? कारण बहुतेक धूळ टिपरांच्या कच्च्या रस्त्यावरची असते आणि पाणी मारलं जातं खाणीत. उन्हात ओल लवकर उडते, म्हणून एकदाच भिजवून भागत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा मारा. रस्त्यावर खडी पसरा, वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवा, हौद्यावर ताडपत्री बांधा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. पूर्वेला घरं किंवा काजूची बाग असेल तर टिपर भरायचं काम सकाळी उरकून घ्या. काजूच्या मोहोरावर धूळ बसली तर शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जातं, म्हणून मोहोराच्या दिवसांत त्याला विचारूनच फेऱ्या ठरवा.