बटण दाबलं, तरी अर्ज जाईना

मी सहकारी संस्था, ग्रंथालयं, छोट्या शाळा यांच्या वेबसाइटवरचे फॉर्म सांभाळते. तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते, "मॅडम, बटण चालत नाहीये." त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो, दाबल्यावर होतं काय? काहीच होत नाही, पान नव्याने लोड होतं, चूक दुरुस्त केली तरी तोच मेसेज येतो, की एकाचे दोन अर्ज येतात? शोध कुठून सुरू करायचा ते या उत्तरावर ठरतं, म्हणून त्याआधी कोड उघडायची घाई करू नका.

काहीच होत नसेल तर ब्राउझरचा कन्सोल (पानावरच्या चुका जिथे दिसतात ती खिडकी) उघडा आणि मग बटण दाबा. क्रोममध्ये बऱ्याचदा एक लाल ओळ दिसते, तिचा अर्थ असा की एक चौकट नियमात बसत नाही आणि तिच्यावर फोकसही (म्हणजे कर्सर) नेता येत नाही. ग्रंथालयाच्या सभासद अर्जाचं उदाहरण घ्या. "विद्यार्थी" निवडलं की कॉलेजच्या नावाची चौकट दिसते, "इतर" निवडलं की ती लपते. पण लपवताना तिचं रिक्वायर्ड (ती भरणं सक्तीचं असल्याची खूण) तसंच राहिलेलं असतं. ब्राउझर रिकाम्या चौकटीमुळे अर्ज अडवतो, मेसेज मात्र दाखवू शकत नाही, कारण चौकटच पडद्यावर नाही. समोरच्या माणसाला वाटतं बटण मेलंय. उपाय सोपा आहे. चौकट लपवाल तेव्हा ती डिसेबलही (म्हणजे बंद) करा. डिसेबल चौकट तपासली जात नाही आणि सर्व्हरला पाठवलीही जात नाही. चौकटी जास्त असतील तर सगळ्या एका फील्डसेटमध्ये (चौकटींचा गट करणाऱ्या टॅगमध्ये) ठेवा आणि तो फील्डसेटच डिसेबल करा.

पान नव्याने लोड होत असेल तर बटणाचा टाइप बघा. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नसेल तर ब्राउझर त्याला सबमिट समजतो. "आणखी एक वारसदार जोडा", पासवर्ड दाखवणारा डोळा, ही सगळी बटणं मग अर्ज पाठवायला लागतात. त्यांना टाइप म्हणून "बटण" (button) असं स्पष्ट लिहा. यातलाच अवघड प्रकार म्हणजे एंटर. चौकटीत एंटर दाबलं की कोडमध्ये जे सबमिट बटण पहिलं असेल ते दाबलं जातं, पडद्यावर ते कुठेही दिसत असलं तरी.

दुरुस्त करूनही तोच मेसेज येत असेल तर सेट-कस्टम-व्हॅलिडिटी (चौकटीवर आपला मेसेज लावणारी जावास्क्रिप्टची मेथड) कुठे वापरलंय ते शोधा. खाते क्रमांक दोनदा लिहून घेताना दोन्ही जुळले नाहीत की मेसेज लावला जातो, जुळल्यावर तो काढायचा राहतो. रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसला नाही तोवर ती चौकट चुकीचीच धरली जाते. उलट, तपासणी न होताच अर्ज जात असेल तर जावास्क्रिप्टमधून सबमिट मेथड थेट बोलावलेली असते. ती तपासणी आणि सबमिट इव्हेंट (अर्ज जाताना ब्राउझर कोडला देतो ती सूचना) दोन्ही ओलांडून जाते. त्याऐवजी रिक्वेस्ट-सबमिट वापरा.

दोन अर्ज येतात तिथे नेट मंद असतं आणि माणूस पुन्हा दाबतो. बटण डिसेबल करा, पण सबमिट इव्हेंटमध्ये. क्लिकमध्येच केलं तर काही ब्राउझरमध्ये अर्ज जातच नाही. शिवाय प्रत्येक अर्जाला वेगळा टोकन (ओळखीचा क्रमांक) देऊन सर्व्हरवर दुसरा अर्ज नाकारा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, मराठीत भरलेला मजकूर. आपलं स्वतःचं नाव आपल्या लिपीत लिहिलं आणि फॉर्म "चुकीचं नाव" म्हणाला, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. नावाच्या पॅटर्नमध्ये (कोणती अक्षरं चालतील त्या नियमात) फक्त ए ते झेड असेल तर मराठी नाव अडणारच. ते बदलून "कुठल्याही भाषेतलं अक्षर" असा युनिकोडचा (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) एल हा गट टाकला तरी काम अर्धंच होतं. कमल पास होते, विमल अडते! कारण वेलांटी युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाही, ती चिन्हांच्या एम या गटात येते. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे तिथेच. म्हणून एल आणि एम दोन्ही घ्या, शिवाय रिकामी जागा आणि टिंब. कुऱ्हाडे या आडनावातला ऱ्ह काही कीबोर्ड साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा झेड-डब्ल्यू-जे (झीरो-विड्थ जॉइनर हे जोडणारं चिन्ह) घालून लिहितात, तेव्हा तोही चालू द्या. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये (मजकूर तपासायच्या साच्यात) हे गट वापरताना शेवटी यू फ्लॅग (यू ही खूण) लावावा लागतो. मॅक्सलेंग्थही (जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील ती मर्यादा) सैल ठेवा, "स्नेहल" आपल्याला तीन अक्षरी दिसतं, ब्राउझर सहा मोजतो.

आकड्यांचंही तसंच. रेगेक्समधलं बॅकस्लॅश-डी जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी कीबोर्डवरून ४१६४१६ लिहिलं की पिनकोड चुकीचा ठरतो. माणसाला परत पाठवू नका, चेंज इव्हेंटला आकडे बदलून घ्या. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे, प्रत्येक आकड्याच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की हवा तो आकडा मिळतो. त्याच वेळी मोबाइल नंबरातल्या मोकळ्या जागा आणि पुढचं +९१ काढून टाका. अशा चौकटींना टाइप नंबर देऊ नका, तिथे मॅक्सलेंग्थ लागूच होत नाही. टाइप टेल (फोन नंबरचा) आणि इनपुटमोड न्यूमेरिक (मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड आणणारा) पुरे.

मेसेज लिहिताना नक्की काय हवंय ते सांगा. "अवैध माहिती" वाचून कुणाला काय कळणार? "आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, तुम्ही ओ लिहिलाय" असं लिहिलं की माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

हेच सगळे नियम सर्व्हरवरही लिहा, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही बंद करू शकतं. आणि सर्व्हरने अर्ज परत केला तर आधी भरलेलं सगळं चौकटींत जसंच्या तसं दिसू द्या, फोकस थेट पहिल्या चुकलेल्या चौकटीवर न्या.