पुण्यात पाहुणे प्राध्यापक म्हणून येताय? आधी एवढं वाचा

अमेरिकेहून सहा महिने-वर्षभरासाठी पुण्यात शिकवायला येणाऱ्या आपल्या माणसांचा एक समज पक्का असतो: घरीच तर चाललोय, तयारी कसली करायची? मराठी येतं, कर्वे रोड पाठ आहे, आत्या सदाशिव पेठेत आहे. पण अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवसापासून इथल्या कागदावर आपण परदेशी आहोत. कार्यालयातला कारकूनही तुमचं आडनाव ऐकून हे विसरतो आणि स्थानिक उमेदवाराला लागणाऱ्या कागदांचीच यादी हातात देतो. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा, "माझा पासपोर्ट परदेशी आहे, ओसीआय कार्ड आहे." ओसीआय म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना भारत सरकार देतं ते कार्ड. प्रत्येक टेबलावर पुन्हा सांगा.

ओसीआय असलं की सगळं चालतं, हे वाक्य मी अजून दर गणपतीत कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. ते खरं नाही. नुसत्या शिकवण्याला अडचण नाही, संशोधनाला आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकाला भारतात संशोधन करायचं तर खास परवानगी लागते. आणि आपल्या नेमणूकपत्रात 'अध्यापन व संशोधन' हे दोन शब्द शेजारीशेजारी छापलेले असतात! म्हणून पत्राचा मसुदा आला की तो नीट वाचा. परवानगीसाठी तिकडच्या भारतीय वकिलातीकडे किंवा इथे एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज करता येतो. माझं ठाम मत आहे की तिकडूनच, विमानाचं तिकीट काढण्याआधी अर्ज करा. गावोगाव फिरून मुलाखती घेणार असाल, पाण्याचे किंवा मातीचे नमुने गोळा करणार असाल, तर तसं अर्जात लिहा. विभागातलं कुणी प्रेमाने "अहो, काही लागत नाही, आजवर कुणी विचारलं नाही" म्हणालं, तर तेवढंच लेखी मागा. लेखी कुणी देत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट आहे: इथे राहणाऱ्या ओसीआयधारकाचा कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला तर एफआरआरओला ईमेलने कळवायचं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. जोडीदाराकडे ओसीआय नसेल आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येत असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते.

आता पैशांचं. भारत-अमेरिका करारात, म्हणजे दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात, कलम २२ पाहुण्या प्राध्यापकांसाठीच आहे. अमेरिकेचा रहिवासी इथल्या विद्यापीठात शिकवायला आला, तर त्या कामाच्या पगारावर आल्यापासून दोन वर्षांपर्यंत भारतात कर लागत नाही. मात्र त्यासाठी अमेरिकेच्या करखात्याचं रहिवासाचं प्रमाणपत्र, म्हणजे ६१६६ नंबरचा कागद, हातात हवा. तो ८८०२ नंबरचा अर्ज भरून मागवावा लागतो आणि यायला आठवडे लागतात. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक तो न घेताच आले. वित्त विभागाने नियमाप्रमाणे दर महिन्याला टीडीएस कापला, आणि त्यात चूक काहीच नव्हती, कारण समोर कागदच नव्हता. पुढे परताव्यासाठी सीए गाठा, विवरणपत्र भरा, तिकडे फोन करा, हे सगळं त्यांना परत गेल्यावर अमेरिकेतून निस्तरावं लागलं. त्यांच्यानंतर आलेल्या आणखी दोघांनी तेच केलं. कृपा करून तुम्ही करू नका. हा कागद जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाचा मिळतो आणि इथलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तेव्हा दोन्ही वर्षांचा लागेल का ते सीएला आधीच विचारा. पॅनही लगेच काढा. परदेशी नागरिकाचा अर्ज वेगळा असतो. पॅन नसेल तर कमीत कमी २० टक्के कापले जातात. इथे कर माफ झाला तरी हे उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचंच असतं.

पॅनच्या अर्जावर नाव लिहिताना मात्र हात आवरा. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तिहेरी सवय. अमेरिकेच्या पासपोर्टवर मधलं नाव गळालेलं असतं, नाहीतर नुसतं एक अक्षर असतं. जुन्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, पॅनवर, बँकेत आणि नेमणूकपत्रावर घाला. नेमणूकपत्रात चूक दिसली तर रुजू होण्याआधी दुरुस्त करून घ्या. नंतर प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि फेऱ्या.

आधार मागितलं की गोंधळून जाऊ नका. आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय ते निघत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्याला ते बहुतेक मिळायचंच नाही.

घर पाषाण, औंध, बाणेर या भागात बघा, आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि विद्यापीठ, दोन्हीकडे जायला बरं पडतं. करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. तो नोंदवलेलाच हवा, नुसत्या स्टँपपेपरवर सही करू नका. महाराष्ट्रात नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे तोच कामाला येतो. एजंटला आधार नसल्याचं पहिल्याच फोनवर सांगा. परदेशी भाडेकरू आल्याची माहिती ऑनलाइन कळवणं हे घरमालकाचं काम आहे; ज्याला अजून सगळे सी फॉर्म म्हणतात तेच ते. आत्याकडे उतरलात तरी हा नियम आहे. तिला भरून द्या.

सिमकार्ड पहिल्या दिवशी घ्या, ओटीपीवाचून इथे पान हलत नाही.

कार्यालयात कोणताही अर्ज देताना दोन प्रती न्या. एक आत द्या, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या आणि जपून ठेवा. पुढे "अर्ज मिळालाच नाही" म्हटलं गेलं तर तो क्रमांक सांगायचा, आवाज चढवायचा नाही. आपल्यातले काही जण शिपायांवर खेकसतात आणि तिकडे कसं सगळं एका ईमेलवर होतं ते ऐकवत बसतात. मला याचा मनापासून राग येतो. तुमची नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर जाते ती याच माणसांच्या हातून.

आणि स्टाफरूममध्ये मानधनाबद्दल कुरकुर करू नका. राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत नेट-सेट झालेले, पीएच.डी. असलेले शिक्षक वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवताहेत. शिकवलेल्या तासाचे तेवढे पैसे, तेही उशिरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाई त्यांच्यातल्याच एक असू शकतात. त्यांना तुमच्या परिसंवादात बोलायला बोलवा, शोधनिबंधात काम केलं असेल तर नाव घाला.

वर्गात मुलं प्रश्न विचारत नाहीत म्हणून त्यांना समजत नाही असं धरून चालू नका. तास संपल्यावर दाराशी थांबतात, तिथे विचारतात. त्यासाठी पंधरा मिनिटं मोकळी ठेवा आणि तिथे मराठीत बोला. परभणी-नंदुरबारकडून आलेली, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं मग खरा प्रश्न काढतात. परदेशी विद्यापीठांच्या शिफारसपत्रांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते. दिवाळीला मुलं गावी जातात, म्हणून कुणाकुणाला पत्र लागणार आहे ते सुट्टी लागण्याआधीच विचारून ठेवा.