डोक्यातलं घड्याळ पुढे पळतंय की मागे, कसं तपासायचं?

वेळ कळायला डोळे-कानांसारखं वेगळं इंद्रिय नसतं, मेंदू नुसता अंदाज बांधतो. तोही दोन तऱ्हांनी, वेळ जात असताना लक्षावरून आणि नंतर आठवणीवरून, आणि दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा जुळत नाही. म्हणून दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या करायच्या.

पहिली सोपी. मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू करा, फोन पालथा ठेवा, एक मिनिट झालं असं वाटलं की बंद करा. मनात आकडे मोजायचे नाहीत हं, नाहीतर फक्त मोजण्याचा स्पीड कळतो. ४५ सेकंदांना थांबलात तर घड्याळ पुढे पळतंय, ७५ ला थांबलात तर मागे. पण एकदाच करून निकाल लावू नका, निवांत असताना, घाईत, व्यायाम झाल्या झाल्या, असं करून आकडे लिहून ठेवा. अंगात ताप असला तरी फरक पडतो, १९३० च्या दशकात हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने आजारी बायकोलाच सेकंद मोजायला लावले आणि ताप जितका जास्त तितकं तिचं मोजणं फास्ट निघालं (बिचारी!).

दुसरी टेस्ट एकट्याने जमत नाही, कारण विचारणार आहेत हे माहीत असलं की आपण वेळेवरच लक्ष ठेवतो. घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की कधीतरी अचानक विचार, "हे काम सुरू करून किती वेळ झाला?" घड्याळ न बघता उत्तर द्यायचं. इथे खरी गंमत कळते, वाट बघत काढलेला तास जाता जात नाही पण नंतर आठवायला त्यात काहीच नसतं म्हणून तो छोटा वाटतो, आणि नव्या ठिकाणी भुर्रकन गेलेला दिवस नंतर भलामोठा वाटतो. याचं टोक म्हणजे मिशेल सिफ्र, १९६२ मध्ये हा फ्रेंच माणूस आल्प्समधल्या गुहेत घड्याळाशिवाय दोनेक महिने राहिला, १४ सप्टेंबरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता! सेकंदाला एक या वेगाने १२० मोजतोय असं त्याला वाटायचं आणि लागायची पाच मिनिटं.

जाता जाता, टिकटिकणाऱ्या सेकंदकाट्याकडे झटकन नजर वळवा, पहिला सेकंद लांबल्यासारखा वाटेल. घड्याळ ठीक आहे, नजर उडी मारते तेवढी फट मेंदू मागाहून भरून काढतो.

आता लिहिलेले आकडे बघा. ज्या कामात तुम्ही दरवेळी उशिरा थांबताय तिथे अंदाजावर विसंबू नका, सरळ अलार्म लावा.