अरेबियावर बेस कसा राखावा: भिंत सोपी, फट अवघड

एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या लढाईच्या खेळात बेस (आपलं गाव) वाचवायचा म्हटलं की नवा खेळाडू आधी टॉवरकडे धावतो. फ्युडल एजमधला (खेळातलं दुसरं युग) एक टॉवर १२५ दगड खातो. कॅसल एजमध्ये (तिसरं युग) दुसऱ्या टाउन सेंटरला, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीला, १०० दगड लागतात, तेवढे तिथेच गेले. शिवाय समोरचा टॉवरच्या पल्ल्याबाहेरून वळसा घालून तुमच्या लाकूडतोड्यांवर येतो तो येतोच. ज्याने कोणी ‘दोन टॉवर टाका आणि निश्चिंत व्हा’ हा सल्ला पसरवलाय त्याला अरेबिया या मॅपवर एकदा खेळायला बसवलं पाहिजे.

इथे सगळं अरेबियाबद्दल आहे, डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (खेळाची नवी आवृत्ती). मॅप मोकळा, झाडांचे पुंजके विखुरलेले, शत्रूचे घोडे कुठूनही येतात. मेंढ्या, रानडुकरं, लूम (व्हिलेजर म्हणजे गावकऱ्यांना कणखर करणारं संशोधन) हे जमतं असं धरून चालतो.

१. आधी स्वतःचा बेस बघा. स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) शत्रूकडे पाठवण्याआधी घराभोवती एक पूर्ण चक्कर मारा आणि सोनं, दगड, झाडं कुठे आहेत ते डोक्यात बसवा.

२. रेषा ठरवा. भिंत टाउन सेंटरभोवती गोल काढायची नसते. झाडांचा एक पुंजका ते दुसरा पुंजका अशी जोडायची असते, म्हणजे निम्मं काम जंगलच करतं. पण फार आवळूनही चालत नाही. तिरंदाजाचा पल्ला ४ टाइल (मॅपचे चौकोन), फ्लेचिंग हे पल्ला वाढवणारं संशोधन केलं की ५. सोन्याच्या खाणीपासून दोन टाइलवर भिंत घातलीत तर तिरंदाज बाहेर उभे राहून आरामात तुमचे व्हिलेजर टिपतात आणि भिंत मध्ये नुसती शोभेला. खाण आणि लाकूडतोडीपासून निदान सहा-सात टाइल सोडा. मागच्या बाजूचं सोनं आत घ्या. पुढचं फारच पुढे असेल तर सरळ सोडून द्या, नंतर बघू.

३. बांधा. फ्युडलचं बटण दाबलं की अपग्रेडला २ मिनिटं १० सेकंद लागतात. तेवढ्यात दोन व्हिलेजर या कामाला लावा, एक डावीकडून, एक उजवीकडून. पॅलिसेडची (लाकडी भिंतीची) टाइल ३ लाकडाची. घरं, बॅरॅक्स, आर्चरी रेंज, लोहारशाळा तुम्हाला बांधायच्याच आहेत, त्या रेषेतच बांधा. स्क्रीनवर आडवी किंवा उभी दिसणारी भिंत टाइलच्या हिशेबाने तिरकी असते आणि तेवढ्याच लाकडात जवळजवळ दीडपट अंतर झाकते. त्यामुळे निवड असेल तिथे तशीच ओढा. गेट शत्रूच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

४. फट शोधा. इथे लोक हरतात. मीही बराच काळ इथेच अडकायचो. मिनी-मॅपवर भिंत पूर्ण दिसते, मन शांत होतं, आणि दोन मिनिटांत शत्रूचे तीन स्काउट तुमच्या बेरी वेचणाऱ्यांमध्ये. आले कुठून?

फटी ठरलेल्या जागी असतात. पहिली, भिंत आणि झाड यांच्या सांध्यावर. भिंतीचं टोक झाडाला टेकल्यासारखं दिसतं, पण मध्ये एक रिकामी टाइल असते. मोठ्या झाडाच्या फांद्या ती झाकून टाकतात. ग्रिड (चौकोनांच्या रेषा) दाखवणारा मॉड, म्हणजे खेळात जोडायचा छोटा बदल, लावल्याशिवाय हे दिसत नाही. लावा, त्यात कमीपणा काही नाही. आणि भिंत पहिल्या झाडाला टेकवून थांबू नका, पुंजक्याच्या कडेने अजून दोन-तीन टाइल चालू ठेवा. ९ लाकूड गेलं तरी चालेल.

दुसरी फट तुम्ही स्वतः पाडता. ज्या झाडाला भिंत टेकवली तेच झाड तुमचे लाकूडतोडे आठ मिनिटांनी कापतात. लाकूडतोड जिथे आतल्या अंगाने चालू आहे तिथलं जंगल पातळ असेल तर त्याला भिंत मानूच नका, मागून वेगळी रेषा घाला. सोन्याच्या आणि दगडाच्या खाणीचंही तेच. खाण आज भिंत आहे, संपली की दरवाजा. बेरीची झुडपंही तशीच.

तिसरी म्हणजे ज्या गोष्टी इमारती दिसतात पण अडवत नाहीत. शेतावरून कोणीही चालत जातं. टाउन सेंटरच्या काही भागाखालूनही युनिट निघून जातात, त्यामुळे त्याला रेषेत धरू नका.

चौथी सगळ्यात चीड आणणारी. आखलेला पाया म्हणजे भिंत नव्हे. व्हिलेजरने त्यावर निदान एक ठोका मारेपर्यंत शत्रू त्यातून सरळ चालत जातो. आणि चलाख खेळाडू काय करतो? आपला स्काउट तुमच्या शेवटच्या पायावर आणून उभा करतो. युनिट वर उभं असेल तर बांधकाम सुरूच होत नाही. व्हिलेजर बिचारा समोर उभा, स्काउट हलत नाही, आणि मागून बाकीचे येतायत. तिथे हट्टाने त्याच टाइलवर राहू नका. एक पाऊल आत सरकून त्याच्याभोवती नव्या टाइल टाका आणि लगेच ठोका मारा. तो स्काउट बाहेरच राहतो.

आता तपासणी, आणि ही कधीही चुकवू नका. भिंत ‘पूर्ण’ झाली की सगळी गेटं लॉक करा. स्वतःचा स्काउट आत ठेवून त्याला भिंतीबाहेर, अगदी पलीकडे, राइट क्लिक करा. फट नसेल तर तो भिंतीशी येऊन थबकतो. असेल तर तो मूर्खासारखा लांबचा वळसा घेऊन भलतीकडे पळत सुटतो. त्याच्या मागे कॅमेरा न्या, तो तुम्हाला फटीपर्यंत नेऊन सोडतो. डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा हे शंभरदा बरं. दोन-तीन दिशांना करा, कारण तो जवळची फट घेतो आणि दुसरी तशीच राहते. लाकूडतोड पुढे सरकली की पुन्हा एकदा.

बांधणारा व्हिलेजर शेवटची टाइल बाहेर उभा राहून पूर्ण करत नाहीये ना, तेही बघा. या खेळात माणसं स्वतःला बाहेर कोंडून घेतात आणि वर मरतात.

५. हल्ला झाला की. शत्रू भिंत फोडू लागला की तीच टाइल दुरुस्त करत बसू नका, तिच्या मागे दुसरी टाका. घोडे असतील तर स्पिअरमन (भालेवाले; ३५ अन्न, २५ लाकूड), तिरंदाज असतील तर स्कर्मिशर (भालाफेके; २५ अन्न, ३५ लाकूड). सोनं खर्च करायची गरज नाही. दोन-तीन स्पिअरमन भिंतीच्या आत फिरते ठेवले तरी घोडेवाला वैतागतो.

आणि टाउन बेल (सगळ्या व्हिलेजरना आत बोलावणारी घंटा) वाजवू नका. कृपा करा. एका कोपऱ्यात दोन स्काउट आले म्हणून मॅपच्या दुसऱ्या टोकाचे लाकूडतोडेसुद्धा काम टाकून पळत येतात, टाउन सेंटरमध्ये १५ च मावतात, उरलेले बाहेर गोंधळ घालतात. ज्यांच्यावर हल्ला आहे तेवढेच निवडून आत घाला. आत कोणी असलं की टाउन सेंटर बाण सोडतं, तेवढं पुरतं.

६. कॅसल एजमध्ये पॅलिसेडवर विसंबू नका. रॅम (भिंती फोडणारा ओंडका) आणि मँगोनेल (दगडफेकं यंत्र) आले की ती काटक्यांसारखी जाते. रॅमवर बाणांचा काही उपयोग नाही, तलवारवाले किंवा व्हिलेजर पाठवा. दगड असेल तर महत्त्वाच्या बाजूला दगडी भिंत. गॉथ ही जमात घेऊन खेळत असाल तर ती मिळतच नाही, आणि हूणांना घरंच लागत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या पायरीतला घरांचा हिशेब त्यांना लागू नाही. लाकूड जास्त बाजूला ठेवा.