पाकिटावरच्या सोडियमवरून मीठ कसे मोजावे
पाकिटामागच्या तक्त्यात बहुधा मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो, त्याला २.५ ने गुणले की मिठाचे वजन कळते, म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले. हा आकडा १०० ग्रॅममागे आहे की एका वेळच्या खाण्यामागे, हे आधी नीट पाहावे, कारण फसगत इथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, इतकेच मीठ सुचवले आहे.

पोटॅशियमयुक्त मिठाचा, म्हणजे ज्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असते अशा मिठाचा, पर्याय मला मोलाचा वाटतो: चीनमध्ये पक्षाघाताचा अधिक धोका असलेल्या सुमारे २१,००० जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच वापरू नये.