घरात दिव्याखाली शेवंती: कळ्या धरताना या चुका टाळा

ग्रो लाइटखाली, म्हणजे झाडं वाढवायच्या खास दिव्याखाली, वाढवलेली शेवंती छान घेरदार होते आणि नेमकी कळी धरायच्या वेळी अडून बसते. कळ्या दिसतच नाहीत, किंवा ढीगभर येतात आणि एकही धड उमलत नाही. मग खत बदललं जातं, माती बदलली जाते. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. दिवा बंद झाल्यानंतरचा अंधार आणि चुकीच्या आठवड्यात चाललेली कात्री, या दोन गोष्टी आधी तपासा.

अंधार मध्येच तोडणं

शेवंतीला सलग मोठी रात्र लागते. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की ती कळी धरायला लागते, पण धरलेली कळी नीट वाढायला दिवस त्याहूनही लहान हवा. म्हणून घरात 12 तास उजेड आणि 12 तास अंधार हा सरळ हिशोब ठेवावा.

हे 12 तास अंधाराचे म्हणजे सलग. रात्री पाणी घालायला खोलीतला ट्यूबलाइट लावला की झाडासाठी ती एक रात्र न राहता दोन छोट्या रात्री होतात. व्यावसायिक शेतकरी फुलणं पुढे ढकलण्यासाठी हेच मुद्दाम करतात: मध्यरात्री काही तास 100 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचा उजेड देतात आणि झाड पानांवरच राहतं. 100 लक्स म्हणजे फार नव्हे, घरातला साधा दिवा तेवढा देतोच. तेव्हा पाणी, फवारणी, पाहणी सगळं दिवा चालू असतानाच उरकावं. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड कापडाने अडवा. वायफायच्या डबीवरचा हिरवा ठिपका मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याची चिंता करू नका, तो झाडापर्यंत पोचतो तेव्हा अगदीच क्षीण असतो.

दिवा चालू-बंद करणारा टायमर फिरत्या चकतीचा असेल तर वीज गेली की तो थांबतो आणि तेवढा मागे पडतो. वीज जाऊन आली की घड्याळाशी ताडून पाहायची सवय लावा.

कळीची एक खूण नीट पाहून ठेवा. शेंड्यावर एकच कळी आली आहे, तिच्याभोवती छोट्या कळ्यांऐवजी पानांचे फुटवे आहेत, आणि लगतची पानं नेहमीसारखी कातरलेली नसून पट्टीसारखी अरुंद आहेत. याचा अर्थ झाडाला फुलायचा इशारा अर्धवट मिळाला, रात्र पुरेशी मोठी नव्हती. ही कळी वाट पाहून सुधारत नाही. ती खुडा, अंधार पक्का करा, आणि खालच्या फुटव्यांवर नव्या कळ्या येऊ द्या.

तास कमी केले, दिवा तसाच ठेवला

वाढीच्या काळात 16 तास चालणारा दिवा 12 तासांवर आणला की झाडाला मिळणारा एकूण प्रकाश एक चतुर्थांशाने घटतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला फुलं घडवायची असतात. 225 मायक्रोमोल (झाडाच्या उपयोगाचा प्रकाश मोजायचं एकक) तीव्रतेने 16 तासांत जेवढा प्रकाश मिळतो, तेवढाच 12 तासांत द्यायचा तर तीव्रता 300 मायक्रोमोल हवी. पांढऱ्या एलईडीखाली हे साधारण 20,000 लक्स होतं. फोनवरच्या लक्स मीटरचा आकडा तंतोतंत नसतो, पण मधली कुंडी आणि कडेची कुंडी यातला फरक तो चांगला दाखवतो. डोळ्यावर विसंबू नका, डोळा अंधुक उजेडालाही सरावतो.

तीव्रता वाढवायला दिवा झाडाजवळ आणताना तो एकदम खाली आणू नका, तीन-चार दिवसांत थोडाथोडा आणा. शेंड्याची पानं फिकट पांढरट होऊन कडा वर वळू लागल्या की दिवा फार जवळ आला आहे. खालची पानं पिवळी आणि पेरं लांबट, तर तो दूर आहे.

कात्री कधी थांबवायची

शेंडा खुडला की बगलफूट होते आणि झाड भरतं, हे खरंच. पण घरातल्या झाडाची शेवटची खुडणी 12 तासांवर जाण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधीच संपलेली असावी. त्यानंतर शेंडा खुडला तर फुलायचा इशारा मिळालेला भागच आपण काढून टाकतो. उरलेले फुटवे मागेपुढे कळी धरतात आणि फुलं एका वेळी येत नाहीत.

'उजेड आत जावा' म्हणून अर्धी पानं ओरबाडणं ही आणखी मोठी चूक. रात्रीची लांबी पानंच ओळखतात. 1930च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी शेवंतीवरच हे दाखवलं: फक्त पानांना लहान दिवस दिला, पानं काढलेल्या शेंड्याला मोठा दिवस दिला, तरी शेंडा फुलला. तेव्हा निरोगी वरची पानं राहू द्या. पिवळी पडलेली, मातीला टेकलेली किंवा भुरी आलेली तेवढी काढा, तीही थोडीथोडी.

या काळात खरी छाटणी असते ती कळ्यांची, आणि तिला कात्री लागत नाही. एकच मोठं फूल हवं असेल तर शेंड्याची कळी ठेवा आणि तिच्या बगलेतल्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की अंगठ्याने बाजूला ढकला, त्या टचकन निघतात. फार लहान असताना गेलात तर नख मुख्य कळीला लागतं. उशीर केला तर देठ चिवट होतो आणि ओढताना साल निघते. घोसाने फुलणारा वाण असेल तर उलटं करा: मधली कळी काढा, कारण ती आधी उमलून कोमेजते आणि बाकीच्या मागे राहतात.

अंधार पक्का आहे, खुडणी वेळेवर झाली, तरी कळ्या हरभऱ्याएवढ्याच अडल्या असतील तर अंधाराच्या वेळचं तापमान पाहा. झाडांवर काळं कापड टाकलं असेल तर आत ऊब कोंडते. 30 अंशांच्या वर गेलं की कळ्या रखडतात. कापड सैल करून खालून हवा खेळू द्या, मात्र उजेड आत शिरता कामा नये.

कळीत रंग दिसू लागला की अंधाराची शिस्त सैल केली तरी चालते. तेव्हापासून फुलांवर पाणी उडू देऊ नका आणि पंखा मंद चालू ठेवा. दाट पाकळ्यांत ओल राहिली की राखी बुरशी धरते, आणि धरलेलं फूल कापून टाकण्याखेरीज इलाज नसतो.