पेरूवर पांढरं दिसलं की लगेच औषध? परसातल्या फळझाडांबाबत या चुका टाळा

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, फुलेवाडीकडं घरामागं एखादा पेरू, एक लिंबू, जमलंच तर सीताफळ किंवा आंबा असतोच. गावाकडं ऊस असेल तर माळ्यावर हुमणीसाठी (उसाची मुळं खाणाऱ्या अळीसाठी) आणलेल्या औषधाची अर्धी बाटलीही असते. घोळ इथूनच सुरू होतो. पेरूवर पांढरं दिसलं की तीच बाटली खाली येते आणि प्रमाण टोपणाच्या अंदाजानं ठरतं. त्या बाटलीवरची मात्रा उसासाठी असते. तुमच्या पेरूला औषध मारल्यावर फळ किती दिवस खायचं नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं आणि घरातली पोरं तर दुसऱ्याच दिवशी झाडावर चढतात.

आधी किडीची ओळख पटवा. कोवळ्या फांदीवर, देठापाशी कापसासारखं पांढरं चिकटलेलं दिसतं तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणचट थर असतो, त्यामुळं वरवरची फवारणी ओघळून जाते. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर नळीनं पाण्याचा जोरदार फवारा मारा.

मग खोडाकडं बघा. मुंग्यांची रांग वर चाललेली असणारच. ढेकूण गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. भिंतीला टेकलेली फांदी तशीच ठेवली तर मुंग्या तिकडून चढतात आणि पट्टीचा उपयोग शून्य.

पानं काळी पडली म्हणून बुरशीनाशक आणणारेही बरेच. ती काजळी त्या चिकट्यावरच वाढते. कीड गेली की नवी पानं स्वच्छ येतात.

ढेकणांच्या गर्दीत त्यांच्यापेक्षा मोठी, झिपऱ्या पांढऱ्या केसांची आणि भराभर चालणारी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असते आणि ढेकूणच खाते. दिसायला सारखी, म्हणून बिचारी नाहक मरते.

निंबोळी तेल चांगलं, पण ते नुसतं पाण्यात ओतलं तर वर तरंगतं. एका लिटरला ५ मिली तेल घ्या. ते आधी १–२ मिली पातळ साबणात घोटा, मग हळूहळू पाणी घाला. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी एका फांदीवर मारून बघा. फवारणी संध्याकाळी आणि पानांच्या खालूनही करा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या झडीत फवारलेलं सगळं धुऊन जातं, म्हणून उघडीप बघूनच पंप हातात घ्या.

पावसाळी पेरूत अळ्या निघतात त्या फळमाशीच्या. माशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळं अळी दिसल्यावर बाहेरून फवारून काही साधत नाही. पडलेली फळं झाडाखाली किंवा खतखड्ड्यात ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुढची पिढी तयार होते. फळं रोज वेचा, घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत काही दिवस उन्हात ठेवा. मिथाइल युजेनॉलचा (वासानं फळमाशीला ओढणाऱ्या रसायनाचा) सापळा टांगा, पण त्याला फक्त नर येतात. त्यामुळं एकट्या सापळ्यावर विसंबू नका. फळ लिंबाएवढं झालं की त्याला जाळीची किंवा कापडी पिशवी बांधा. कागदी पिशवीचा पावसात लगदा होतो.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हातानंच वेचा. आंबा पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.

आंब्याच्या खोडाशी भुसा पडत असेल तर वरच्या फवारणीत पैसे घालू नका, आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. भोक शोधा, तार घालून अळी काढा, पेट्रोलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपा. जवळ विडी-काडी नको. आठवड्यानं पुन्हा बघा, ताजा भुसा दिसला तर अजून एखादं भोक राहिलंय.